पाहुण्यांचा अर्धा तास

थिएलू फुटबॉल क्लब वरच्या श्रेणीतून खाली घसरला त्या दिवशी सगळं शहर रडलं, पण लुआन जितका रडला तितकं कुणीच नाही. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचा क्लबवर जीव किती! जीव होताच. पोलाद कारखान्यात क्रेन चालवायला लागला तेव्हापासूनचा होता. पण रडण्याचं खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या श्रेणीत ग्वांगझूची टीम नव्हती.

ग्वांगझूला त्याची मुलगी राहायची, श्याओमान. तिनं बापाला न विचारता दक्षिणेतल्या मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा लुआन भरल्या ताटावरून ओरडला होता, "गेलीस तर या दारात परत पाऊल ठेवू नकोस! मीही तुझ्या दारी येणार नाही." ती गेली. राग महिन्याभरात विरला, पण बोललेला शब्द गिळायचा कसा? असल्या माणसांना राग सोडता येतो, ताठा सोडता येत नाही.

वाट काढली ती फुटबॉलनं. वर्षातून एकदा थिएलूची मॅच ग्वांगझूला असे. बायकोनं दिलेली आंबवलेल्या कोबीची बरणी मांडीवर घेऊन लुआन इतर चाहत्यांबरोबर आगगाडीनं जाई. श्याओमान पाहुण्या टीमच्या चाहत्यांच्या स्टँडचं तिकीट काढून गुपचूप शेजारी येऊन बसे. "मॅच बघायला आलोय," लुआन दरवर्षी सांगे. मॅच संपली, की मारामारी नको म्हणून पोलीस पाहुण्या प्रेक्षकांना अर्धा तास जागेवरच बसवून ठेवत. बाकीचे शिव्या घालत. लुआनला वाटे, या पोलिसांचा सत्कार करावा. त्या अर्ध्या तासात बापलेक सूर्यफुलाच्या बिया सोलत बोलत.

"तुमचा गुडघा?"

"बरा आहे. तुझा नवरा?"

"बरा आहे."

एवढंच. पण एवढ्यावर त्याचं वर्ष निघे.

आता सगळं बंद झालं होतं. वर्षभर थिएलू कुठल्या कुठल्या टीमांशी झुंजत राहिला, कधी जिंकला, कधी तोंडावर आपटला. लुआनला फक्त एक हवं होतं, टीम पुन्हा वर जायला हवी. शेवटी गाडी शेवटच्या मॅचवर येऊन अडली. घरच्या मैदानावर जिंकले तर वर, नाहीतर आणखी एक वर्ष खाली. समोर दक्षिणेतल्या, पण ग्वांगझूपासून लांबच्या एका गावची टीम होती, तिला ना जिंकून काही मिळणार होतं ना हरून.

त्या सकाळी बायको जियाओझी करत बसली होती. मोदकासारख्या मुडपलेल्या पाऱ्यांनी सगळं टेबल भरलं होतं.

"पलटण जेवायला येणार आहे का?" लुआननं विचारलं.

"तुम्ही जा हो मॅचला," ती म्हणाली.

मैदानावर हाडं गोठवणारी थंडी होती. ढोल वाजवणारा लाओ फेंग पहिल्यापासून तापला होता. "अरे ए, पाय आहेत की टेबलाचे खूर?" थिएलूनं दोन सोप्या संधी वाया घालवल्या आणि अखेरीला एक गोल खाल्ला. शिट्टी झाली. प्रशिक्षकाला मास्तरासारखं घरी पाठवा म्हणून सगळं स्टेडियम ओरडायला लागलं, "तास संपला! तास संपला!"

"चल रे, लुआन. दारू पिऊ," फेंग म्हणाला.

"तू हो पुढे."

स्टँड रिकामा झाला तरी लुआन बसून राहिला. आणखी एक वर्ष. त्याच्या गुडघ्याला अशी किती वर्षं झेपणार होती? समोरच्या कोपऱ्यात पोलिसांनी मूठभर पाहुण्यांना अडवून धरलं होतं. त्याला त्यांचा हेवा वाटला. तेवढ्यात त्यांच्यातली जाड कोट घातलेली एक बाई कठड्यापाशी आली आणि हात उंच करून काहीतरी लाल हलवायला लागली. थिएलूचा जुना मफलर होता तो.

लुआन गुडघा विसरून पळाला.

"काका, अर्धा तास थांबा," फाटकावरचा पोलीस म्हणाला. "पाहुण्यांना आत्ता सोडत नाही."

"अहो, ती पाहुणी नाही! माझी मुलगी आहे!"

"मग तिकडचं तिकीट कशाला काढलं?"

लुआन फाटकाला धरून उभा राहिला. ग्वांगझूला चुटकीसरशी उडून जाणारा अर्धा तास आज संपता संपेना.

अखेर ती बाहेर आली. नाक थंडीनं लाल झालेलं. बापाकडे न बघता म्हणाली, "मॅच बघायला आले होते. हॉटेलात उतरलेय."

हे त्याचंच वाक्य होतं.

"घरी चल," तो म्हणाला. "आईनं ढीगभर जियाओझी केलीत."

"पण बाबा, तुम्ही म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो. चुकलो होतो."

श्याओमाननं मफलर काढून त्याच्या गळ्यात गुंडाळला. मग म्हणाली, "म्हणजे पुढच्या वर्षीही टीम खालीच."

"राहू दे," लुआन म्हणाला. "चल, जियाओझी गार होतील."