पैलवान टायर आणि बाईंचे गुडघे

मित्रांनो, मी सायकलचा एक जुना टायर आहे आणि मला माझीच किळस येते. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये भिंतीला खिळ्यांनी ठोकलेला दिसतो ना, तोच मी. मागे मागे येणाऱ्या गाड्या माझ्यावर आपटतात, तोंडावर धूर सोडतात आणि निघून जातात. पण माझ्या किळसेला ही भिंत कारण नाही. ती किळस इथे येण्याच्या आधीपासूनची आहे.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडलो, तेव्हा माझ्या अंगावर रबराचे जाड, उंच दाते होते. निसरड्या चिखलात आणि सुट्या दगडांत दाते रोवायचे आणि वर चढायचं, यासाठी माझा जन्म. एका बाजूला माझं नाव ठसठशीत पिवळ्या अक्षरांत छापलेलं होतं. त्याच्याजवळ एक छोटा बाण होता. चाक कोणत्या दिशेने फिरलं पाहिजे, ते तो सांगायचा. आपण डोंगर पाहणार, या कल्पनेने मी दुकानातल्या आकड्यावर फुगून लटकत होतो.

तिथे एके दिवशी फोटोवाले काका आले. त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि जगातली प्रत्येक वस्तू फोटोत कशी दिसेल, एवढंच त्यांना कळायचं. बायकोच्या सायकलला नवे टायर हवे होते. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले.

“वा! हा तर पैलवान आहे,” ते म्हणाले.

“नजर आहे हं काका तुमची!” दुकानदार म्हणाला. सायकल कुठे चालवणार, हे त्याने विचारलं नाही आणि काकांनीही सांगितलं नाही. माझा जुळा भाऊ पुढच्या चाकावर गेला आणि मी मागच्या. काकांनी हौसेने आम्हाला घरीच बसवलं, नाव फोटोत दिसेल अशा बेताने. त्या नादात माझा बाण उलटा झाला.

मित्रांनो, आता बाईंबद्दल, म्हणजे काकांच्या बायकोबद्दल सांगतो. बाई रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करायच्या. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांकडे सकाळी जाऊन रक्त घेऊन यायचं, हे त्यांचं काम. वाट बहुतेक डांबरी. मध्ये पुलाचा एक लांब चढ आणि शेवटी कालव्याकाठचा थोडा मातीचा रस्ता. “मुंगी चावल्याएवढंच हं, आजी,” असं म्हणत त्या सुई कधी टोचायच्या, ते आजींना कळायचंही नाही. कालव्याकाठचे एक आजोबा तर रक्तापेक्षा गप्पांसाठीच त्यांची वाट बघत.

आणि अशा बाईंच्या चाकावर मी! डांबरावर माझ्या दात्यांची सारखी घुरघुर चालायची. बाई पायडल मारायच्या आणि मी त्यांचं निम्मं बळ रस्ता खरवडण्यात घालवायचो. वर शहराची सगळी घाण माझ्याच दात्यांत. कोणाचा पचकन टाकलेला थुंका, कुत्र्याची ओली घाण, चघळून फेकलेलं गोंदासारखं काहीतरी, गटाराकाठचा काळा रेंदा, आणि त्या सगळ्याला चिकटलेले कोणाचे तरी केस. शी! गुळगुळीत टायर निदान ते मागे सोडून पुढे जातो. मी ते दात्यांत धरून घरापर्यंत आणायचो. उन्हात ते वाळायचं आणि माझा मलाच वास यायचा.

पण सर्वांत जास्त किळस यायची ती कौतुकाची. सिग्नलला कोणीतरी हमखास म्हणायचं, “काय दणकट टायर आहे!” काकांनी तर सायकलचा फोटो काढून स्टुडिओच्या काचेत लावला. ज्या गोष्टीने बाईंचा जीव मेटाकुटीला यायचा, तिचीच लोक वाहवा करायचे.

पूर्वी पुलाचा चढ बाई बसल्या बसल्या चढायच्या. मी आल्यापासून त्यांना निम्म्यात उतरून सायकल ढकलावी लागे. संध्याकाळी त्या गुडघ्यांना तेल चोळायच्या आणि त्यांनाच रागवायच्या, “मेल्यांनो, इतक्यात दमलात? अजून माझी माणसं आहेत पलीकडे.” मी जिन्याखाली उभा राहून ते ऐकायचो. ओरडून सांगावंसं वाटायचं की बाई, गुडघे नाही, मी! पण टायरला तोंड कुठलं?

शेवटी लॅबच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “आता काउंटरला बसा. किती दिवस ओढाताण करणार?” दिवसभर एका खुर्चीत बसून नंबर पुकारायचे, हे बाईंना नको होतं. तरी त्यांनी होकार दिला. महिनाअखेर फेरी बंद करायची, असं ठरलं.

त्याच आठवड्यात माझ्यात खिळा घुसला. आयुष्यात मी केलेली चांगली गोष्ट कोणती, तर ही. बाई लॅबची मळकी, खडखडणारी सायकल घेऊन फेरीला गेल्या. संध्याकाळी घरात शिरल्या त्या धावतच.

“अहो, ऐका! मी चढावर उतरले नाही!”

“अगं, आज वारा मागून असेल,” काका म्हणाले.

बाईंनी जुना टूथब्रश घेतला आणि माझ्यासमोर बसल्या. नाक मुरडत त्यांनी माझे दाते घासले, तेव्हा घाणीखालून तो बाण निघाला.

“अहो, हा बाण उलटा का?”

“नाव दिसायला नको का, अगं?”

“कोणाला?”

 मग बाईंनी खिळा काढला, पंक्चर चिकटवून हवा भरली आणि काकांना म्हणाल्या, “जा, पुलावरून एक चक्कर मारून या. माझी नमुन्यांची पिशवी लावूनच.” काका परत आले ते सायकल हातात धरून, घामाघूम.  पाणी पिऊन ते एवढंच म्हणाले, “चल, दुसरे बघू.”

दुकानात या वेळी बाईंनी स्वतः हात लावून पाहिलं. दुकानदार माझ्यासारखेच दातेरी टायर पुढे करत होता. “वाट माझी आहे, मी बघते,” बाई म्हणाल्या. अगदी गुळगुळीतही त्यांनी घेतले नाहीत, कारण शेवटी कालव्याकाठची माती होती. मधून जवळजवळ सलग, कडांना बारीक दाते आणि माझ्यापेक्षा अरुंद, असे दोन टायर निवडले. बाण पाहून बसवून घेतले. माझा जुळा भाऊ दुकानातच ठेवला, मला खांद्यात अडकवलं आणि निघाल्या.

मित्रांनो, पुलाचा तो चढ मी पहिल्यांदा सामान म्हणून चढलो. खाली नवे टायर नुसते सरसर वाजत होते. बाई उतरल्या नाहीत. पुलाच्या माथ्यावर त्यांनी एक पाय टेकला, वाकून दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, “माफ करा रे, बाबांनो. उगाच बोलले तुम्हाला.”

मला त्या क्षणी लाजेने विरघळावंसं वाटलं.

काकांनी मग मला इथे ठोकलं, अर्थातच नाव दिसेल असं. अजून कोणीतरी गाडी लावताना म्हणतं, “दणकट होता हो!” मला पुन्हा माझी किळस येते. पण काउंटरला नकार देऊन बाई अजून रोज सकाळी इथूनच सायकल काढतात आणि कालव्याकाठच्या आजोबांकडे जातात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, टायर घेताना आपली वाट आठवा, फोटो नको. आणि घरातलं कोणी दमून आलं, स्वतःच्याच पायांना बोल लावू लागलं, तर “वय झालं” म्हणून मोकळे होऊ नका. आधी खाली वाकून त्यांच्या चाकाकडे बघा.