निघालेल्या पेशी

एकवीस वर्षं मी अंडी फोडते आहे. हसू नका. प्रयोगशाळेत फोडते, आणि तीही अशी की आतल्या जिवाला पत्ता लागू नये. टरफलाला नखाएवढी खिडकी पाडायची, मायक्रोस्कोपखाली धरायचं आणि बघत बसायचं. दीड दिवसाचं कोंबडीचं पिल्लू म्हणजे जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी रेघ. तिच्या पाठीवर पेशी एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात. मग त्यांतल्या काही जणी पकड सैल करतात, बाजूला सरकतात आणि चालू लागतात. कुणी जबड्याकडे, कुणी कातडीत रंग भरायला, तर मानेकडच्या काही थेट आतड्यात, पार शेवटच्या टोकापर्यंत.

आमच्या मॅडमचा सगळा अभ्यास त्या पकड सोडण्यावर. पेशी निघाल्या की फोटो काढायचे आणि अंडं टाकून द्यायचं. पुढे त्या पोचतात की नाही, हे आमच्याकडे कुणी बघत नाही. ते काम दुसऱ्यांचं.

नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी मी त्याला दम भरते: पेशी हलत नाहीत म्हणून सुई लावायची नाही, गप बसून राहायचं. किती दीडशहाण्यांनी घाई करून माझी अंडी नासवली, त्याची गणती नाही. या बाबतीत मॅडमसुद्धा माझं ऐकतात. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

माझ्या लेकीला मुलगा झाला. आधीची दोन पोटातच गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना घरी सोडलं, आणि मी रजा टाकून तिच्याकडे राहायला गेले.

दुपारी ती म्हणाली, "आई, याला अजून शी झाली नाही. नर्स म्हणत होती, पहिली काळी शी एका दिवसात व्हायला हवी."

"नर्सला काय जातंय बोलायला. होईल. जरा धीर धर."

तिसऱ्या दिवशी बाळाचं पोट ताठ झालं आणि ते दूध ओढेना. लेकीनं त्याला गुंडाळलं, चपला घातल्या. माझं डोकं फिरलं.

"कुठे निघालीस? गेल्या गेल्या सुया टोचतील, नळ्या घालतील. प्रत्येक जीव आपल्या वेळेनं चालतो. माझं अख्खं आयुष्य गेलंय यात, मला शिकवू नकोस."

तिनं चपला काढल्या. लहानपणापासून ती माझं ऐकत आली आहे.

चौथ्या दिवशी पहाटे बाळाला हिरवी उलटी झाली. तेव्हा आम्ही धावलो.

सर्जननं समजावून सांगितलं. आतड्याच्या शेवटच्या चार बोटांत ते हलवणाऱ्या नसाच नाहीत. ज्यांच्यापासून त्या बनतात, त्या पेशी गर्भात मानेकडून निघतात, पण याच्या खालपर्यंत पोचल्याच नाहीत. तेवढं आतडं पुढे ढकलत नाही, मागे सगळं साचतं, सुजतं आणि विष रक्तात जातं. वेळेवर आणलेली बहुतेक मुलं वाचतात, असंही तो म्हणाला. याच पेशी मी रोज निघताना बघत होते.

दुपारी चार वाजता बाळ गेलं.

सर्जन कागद घेऊन बाहेर आला. "पोट कालच फुगलं होतं म्हणता. मग थांबलात का? कुणी सांगितलं थांबायला?"

जावई उभा होता, विहीणबाई उभ्या होत्या. दिवसभर दोघं कामावर, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. लेकीनं माझ्याकडे पाहिलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मलाच वाटलं, होईल."

विहीणबाईंनी कपाळावर हात मारला. "दोन गेली, तरी अक्कल आली नाही हिला."

जावयानं लेकीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि तो जिना उतरून गेला. मी तिथेच होते, तिच्या शेजारी. मी ब्र काढला नाही.

या गोष्टीला दोन महिने झाले. लेक माझ्याकडे राहते. जावयाचा फोन येत नाही. एकदा फोन उचलून त्याला खरं काय ते सांगायचं, एवढंच काम आहे, आणि ते माझ्याच्यानं होत नाही.