बिनतिखटाची खिचडी

खिचडी तळाला लागल्याचा वास आला, तरी राहीबाई लगेच उठली नाही. गॅस बंद करायला हात लांबवला तोही सावकाश. वरची वरची दुसऱ्या भांड्यात उपसून तिने ते जेवणाच्या गाडीवर ठेवलं. बिनतिखटाची मुगाची खिचडी, आजारी माणसाला तिची चव ती काय कळणार?

सांगलीतल्या या दवाखान्यात ती स्वयंपाकाला लागली तेव्हा राजेश्वरी सिस्टर होत्या. गाडी वॉर्डात जाण्याआधी त्या चमचाभर खिचडी तोंडात घालत, क्षणभर थांबत आणि म्हणत, “जाऊ द्या गाडी, राहीबाई.” तेवढ्यासाठी राहीबाई डाळीतला खडा न् खडा निवडायची. सिस्टर निवृत्त होऊन साताऱ्याला गेल्या. मग भिंतीवर ‘उत्तम कर्मचारी’ म्हणून फोटो लागू लागले. एकदा राहीबाईचाही लागला. पण खिचडी चाखून बघायला कुणी आलं नाही.

गाडी नेणारी बाई आज रजेवर होती, म्हणून राहीबाई स्वतःच वॉर्डात गेली. दाराजवळच्या खाटेवर खंडाळ्याकडचे नाथाजी होते, पोटाचं ऑपरेशन झालेले. त्यांना वाटी देऊन ती पडद्यापलीकडे वळली, तोच त्यांच्या सुनेचा दबका आवाज आला.

“आवं आबा, करपलीया की ही! ऱ्हाऊ द्या. मी भायरनं आणते काय तरी.”

“गप गं. ऐकंल ती. सकाळधरनं शेगडीम्होरं हुबी आसंल बिचारी.”

“म्हून असलं खायाचं व्हय?”

“कुणीतरी माझ्यासाठी रांधलंय न्हवं? मग नावं कशाला ठिवायची?”

राहीबाई पडद्याबाहेर आली. नाथाजी कसाबसा घास गिळत हसले. “लय बेस झालीया, बाई.”

तिचे कान तापले. स्वयंपाकघरात येऊन तिने भांड्यातली उरलेली खिचडी तोंडात घातली. कडू. इतक्या दिवसांत आपणही कधी चाखून पाहिली नव्हती, हे तिला तेव्हा कळलं. तिने भांडं घासायला टाकलं आणि नवी डाळ धुवायला घेतली.

गाडी पुन्हा वॉर्डात आली तेव्हा सून चकित होऊन बघत राहिली.

“मगाशी करपली हुती, आबा,” राहीबाई म्हणाली. “माझंच ध्यान न्हवतं. ही खावा.”

नाथाजींनी एक घास घेतला. मग दुसरा. राहीबाई पदराला हात पुसत उभीच होती. या वेळी ते चांगली म्हणाले नाहीत. बोटाने वाटीची कड पुसून त्यांनी ते बोट चाटलं आणि रिकामी वाटी पुन्हा तिच्यापुढे धरली.