दिवाळ्याच्या खाडीतील बुरुजाचा शोध

सुज्ञ वाचकहो, दिवाळे गावच्या खाडीत बुडालेल्या एका प्राचीन बुरुजाच्या शोधार्थ मी निघालो असता मजवर कोणता प्रसंग गुदरला, तो भयप्रद वृत्तांत आता यथामती कथन करीत आहे.

सन १९९५ चा हिवाळा होता. मी तुर्भ्याच्या बाजारात माथाडी कामगार, शिक्षण सातवी; परंतु जन्म सातारा प्रांतीचा असल्याने गडकोटांचे वेड उपजतच. या बुरुजाविषयी दिवाळ्यातील वृद्ध जन ठामपणे बोलत, मात्र जो तो निराळ्या दिशेस बोट दाखवी. एका सुटीच्या दिवशी मी पत्नी वेणूबाईसह खाडीवर गेलो. पाणी हटले होते आणि दूर चिखलात काळ्या दगडांची अर्धवर्तुळाकार रांग उघडी पडली होती. आम्हा घाटावरच्या माणसांस नदी एकाच दिशेने वाहताना ठाऊक. पाणी गेले म्हणजे गेले, असे मी समजलो.

"गावाकडं एवढं गड पडल्यात, आन् हितं चिखल तुडवताय व्हय?" काठावरून वेणूबाई म्हणाली.

रांगेपाशी एक सुटा घडीव दगड मिळाला. त्यास चुना चिकटलेला दिसला. चुना म्हणजे बांधकाम! तो दगड उराशी धरून मी वळलो, तो पाय गुडघ्यापर्यंत रुतलेले. उपसू जाता अधिकच खोल गेले. इतक्यात पाठीमागून थंडगार पाणी मांड्यांस लागले. आवाज नाही, लाट नाही. ते नुसते चढत होते.

वेणूबाईच्या किंकाळ्या ऐकून मासळी वाळत घालणारी चांगुणाबाई कोळीण धावत आली.

"अरं घाट्या, भरती लागली. तो धोंडा टाक न पालथा पर. सरपटत ये."

"बाई, हा पुरावा आहे," मी कसाबसा बोललो.

"तू बुरलास त बायकोला पुरावा दाखवू काय?"

"टाका की ओ त्यो दगूड," वेणूबाई रडत म्हणाली.

पाणी कमरेस आले. मी दगड सोडला, पालथा पडलो आणि खारा चिखल गिळत, कोपरांवर सरकत आलो. चांगुणाबाईने होडीचा दोर फेकून शेवटी मला ओढून घेतले. मागे वळून पाहिले तर ती रांग पाण्याखाली गडप झाली होती.

पुन्हा तेथे जाण्याचे धैर्य मला झालेले नाही. म्हणून बुरूज होता असे मी छातीठोकपणे लिहीत नाही. मी चुना पाहिला. कदाचित वाळलेले शिंपलेही असतील. ज्यांस भरतीची वेळ कळते, अशा कोणी धीराच्या माणसाने पाहून यावे.

आपण हे वाचण्याचे श्रम घेतलेत, याबद्दल आपला ऋणी,
हौसेराव मारोती शेडगे, तुर्भे.