झाकण एक, तोंडे दोन

२० डिसेंबर २००१, गुरुवार, सकाळचे सव्वादहा. माझ्यात ठेवलेला रोडगा एक आणि माझ्यावर वाकलेली तोंडे दोन.

त्यातले एक तोंड म्हातारे होते आणि एक कोवळे. म्हाताऱ्या तोंडाने आजवर माझ्याजवळ दुसरे तोंड फिरकू दिले नव्हते. पुढे काय झाले ते सांगणारच आहे. पण आधी स्वतःची ओळख करून देणे रीतीचे होईल.

मित्रांनो, मी एक जुने बिडाचे झाकण आहे. ताटाएवढा घेर, मध्ये उथळ खळगा आणि काठाला बोल्टची सहा भोके. मला पाहून कोणीही 'कुत्र्याची ताटली' म्हणेल आणि आज ते खरेही आहे. माझा जन्म मात्र त्यासाठी झाला नव्हता.

कोल्हापूरच्या एका ओतशाळेत, वाळूच्या साच्यात मी घडलो. लेथवर माझा काठ गुळगुळीत करण्यात आला. पुढे नाशिकजवळच्या एका कारखान्याच्या पंपघरात, पाण्याच्या मोठ्या पंपाच्या बेअरिंगवर मला बसवण्यात आले. आमच्या शेजारी हुबेहूब तसाच दुसरा पंप होता. एक चाले तेव्हा दुसरा विसावा घेई आणि दर सोमवारी त्यांची अदलाबदल होई.

ती अदलाबदल करीत झुंबरराव फोरमन. ते तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन आलेले, अतिशय काटेकोर गृहस्थ. जवळ तापमापक असूनही ते आधी माझ्यावर तळहात ठेवीत. "यंत्र बोलत नाही, तापतं," असे ते नव्या कामगारांना सांगत. एकदा पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "झुंबरराव, हे पंपघर आहे की देवघर?" तो माझ्या अभिमानाचा दिवस होता.

पुढे झुंबररावांची दुसऱ्या विभागात बदली झाली. त्याच सुमारास शेजारच्या पंपाचा दांडा तुटला. नवा पंप मागवलेला होता, पण तो येता येईना आणि कारखान्याला पाणी तर हवेच. तेव्हा आमचा पंप एकटाच चालत राहिला. सोमवार येई आणि जाई. माझ्यामागचे बेअरिंग तापत होते, झिजत होते. परंतु पाणी थांबले नव्हते, म्हणून कोणाला काही विचारावेसे वाटले नाही. अखेर नवा पंप आला, तोवर आमच्यात काही उरले नव्हते. झुंबरराव परत आले तेव्हा त्यांना दोनच गोष्टी दिसल्या: जागेवर नवा पंप आणि भंगारात आम्ही. मधली गोष्ट त्यांना कोणी सांगितली नाही.

भंगाराच्या लिलावात त्यांनी मला रीतसर घेतले आणि घरी आणले. घर म्हणजे त्यांच्या पत्नी विमलाबाई यांचा भाजीचा आणि शेवंतीचा मळा. तेथून एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुरांडी दिसतात. काही वर्षे मी मोटारीच्या खोलीत उलथा पडून होतो. माझ्याखाली विंचू राहत असे. त्याच्याशी माझे भांडण नव्हते, पण सोबत म्हणावी अशीही ती नव्हती.

मग १९९२ साली एक पिल्लू आले. झुंबररावांनी त्याचे नाव डायनमो ठेवले. विमलाबाईंच्या तोंडी त्याचा डामू झाला. त्याने घरातल्या दोन हलक्या जर्मनच्या ताटल्या उलथवून विहिरीपर्यंत लोळवत नेल्या, तेव्हा विमलाबाईंना माझी आठवण झाली. मला घासूनपुसून मागच्या दाराशी ठेवत त्या म्हणाल्या, "ह्याला उलथवून दाखव बरं आता!" त्याने पुष्कळ प्रयत्न केला. मी जागचा हललो नाही आणि त्या दिवसापासून आमची मैत्री जमली.

डायनमो मोठा राखणदार निघाला. रात्री तो दाराशीच पडून असे आणि कानांनी सारा मळा राखी. कोबीत डुक्कर शिरायच्या आत तो कुंपणापाशी पोहोचलेला असे. पण नऊ वर्षांनी त्याचे कान गेले. जे पूर्वी कानांनी होत होते ते तो आता पायांनी करू लागला. अंधार पडला की उठायचे आणि उजाडेपर्यंत कुंपणाच्या कडेने फिरत राहायचे. सकाळी तो माझ्याजवळ येई, दोन घास घेई आणि भाकरी तशीच टाकून मान खाली घालून बसे.

झुंबरराव रोज सकाळी माझ्यात वाकून पाहत. भाकरी उरलेली दिसली की त्यांचाही चहा निवून जाई. डॉक्टर येऊन गेले; दात चांगले, ताप नाही. खरे कारण मला ठाऊक होते. पण झाकणाला बोलता येत नाही आणि आता तापून दाखवण्याचीही माझी सोय राहिली नव्हती.

एके दिवशी विमलाबाईंनी विषय काढला. "अहो, डामूला ऐकू येत नाय. केरूच्या कुत्रीचं एक पिल्लू उरलंय. आणू या का?"

"नको."

"नको म्हणजे? कारण तरी सांगाल?"

झुंबररावांनी मला दोन्ही हातांनी उचलले. "हे कारण. नवा पंप आला आणि ह्याचा पंप भंगारात गेला. दुसरं आणलं की पहिल्यानं काय समजायचं? आपली जागा भरली म्हणून. आधीच तो जेवत नाही. हाय खाऊन मरेल."

"तो काय तुमच्या कारखान्यातला नोकर हाय?"

शेजारच्या मळ्यातला केरू कुंपणापलीकडे उभा राहून ऐकत होता. "नाना, पिल्लू लय गुणाचं हाय," तो झुंबररावांना म्हणाला. "बायकोची चप्पल सोडली तर कशालाच तोंड लावत नाय."

"मग तुझ्या बायकोपाशीच राहू दे."

मित्रांनो, त्यांनी मला खाली ठेवले तेव्हा मला फार वाईट वाटले. मी चुकीची साक्ष दिली होती आणि ती मागे घेण्याचा मार्ग नव्हता.

अशात चंपाषष्ठी आली. या घराचे कुलदैवत खंडोबा. त्या दिवशी वांग्याचे भरीत आणि बाजरीचे रोडगे होतात. तळी उचलली की पहिला घास कुत्र्याचा. विमलाबाईंनी माझ्यात रोडगा ठेवला, वर चिमूटभर भरीत ठेवले. डायनमो जड पावलांनी येऊन वाकला. इतक्यात केरू प्रसादाला आला आणि त्याच्या काखेत ते पिल्लू होते.

"अरे, त्याला कशाला आणलंस?" झुंबरराव ओरडले.

"नाना, आज त्याचाबी सण हाय ना!" केरू म्हणाला. तेवढ्यात पिल्लू काखेतून निसटले, धावत आले आणि पुढचे दोन्ही पाय माझ्यात रोवून उभे राहिले.

"धर! धर त्याला! फाडून खाईल तो!"

कोणी हलायच्या आत डायनमोने पिल्लाला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगले. मग तो मागे सरला, हौदाच्या सावलीत गेला आणि आडवा झाला. पिल्लाने निम्मा रोडगा फस्त केला.

"झालं समाधान?" झुंबरराव केरूकडे वळले. "नैवेद्यसुद्धा सोडला त्यानं."

इकडे कुंपणाला कोणाची तरी गाय अंग घासू लागली. पिल्लू तीरासारखे तिकडे धावले आणि एवढ्याशा घशातून भुंकू लागले. डायनमोला ते ऐकू आले नाही, पण दिसले. त्याने डोके उचलले, कुंपणाशी कोणीतरी उभे आहे हे पाहिले आणि डोके पुन्हा खाली ठेवले. थोड्याच वेळात तो घोरू लागला.

पिल्लाला परत आणायला झुंबरराव कुंपणाकडे गेले आणि तेथेच थबकले. कुंपणाला लागून मळ्याभोवती एक अरुंद पायवाट पडली होती. माणसाचे पाऊल तिच्यावर नव्हते. तिच्यावरून ते सबंध मळ्याला फेरी घालून आले, डायनमोजवळ बसले आणि त्याचा पंजा उलटा करून पाहिला. तळव्याची कातडी झिजून पातळ झाली होती. मग पूर्वी माझ्यावर ठेवीत तसाच त्यांनी त्याच्या बरगड्यांवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"अगं, हा आजारी नाही," ते म्हणाले. "हा एकटाच चालतोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आणि ह्याचा पंप... नवा आला म्हणून गेला नसेल गं तो. नवा उशिरा आला म्हणून गेला असेल."

"महिनाभर मी तेच सांगतेय."

"तू हे कधी सांगितलंस?"

"दुसरं आणा म्हटलं, ते काय वेगळं होतं?"

केरूने हळूच विचारले, "मग नाना, नेऊ का परत?"

"खबरदार! राहू दे तिला." झुंबरराव हसले. किती दिवसांनी मी ते हसू ऐकले! पिल्लू मादी होते. चंपाषष्ठीला आली म्हणून विमलाबाईंनी तिचे नाव चंपा ठेवले. दुपारी डायनमो आपण होऊन उठला आणि उरलेला निम्मा रोडगा त्याने संपवला. चंपा शेजारी बसून पाहत होती. तिला त्याने हाकलले नाही.

संध्याकाळी झुंबररावांनी हौदाच्या भिंतीवर खडूने लिहिले: आज चंपा बाहेर, डायनमो ओटीवर, उद्या उलट. विमलाबाई म्हणाल्या, "घ्या! कुत्र्यांनाबी पाळ्या लावल्या ह्यांनी!" त्या रात्री डायनमो ओटीवर पोत्यावर झोपला आणि उजाडेपर्यंत त्याने कूस बदलली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी न बोलता चालत असेल. एखादे जनावर, एखादे यंत्र, कदाचित एखादे माणूसही. काम थांबलेले नाही एवढ्यावरून सारे ठीक आहे असे समजू नका. अधूनमधून त्याच्यावर तळहात ठेवून पाहा आणि त्याचा जोडीदार वेळेवर आणा.

शुक्रवारी सकाळी झुंबरराव नेहमीप्रमाणे माझ्यात वाकून पाहायला आले. शिल्लक भाकरी: शून्य.