शामकलाच्या दोन म्हशी

गोंदियाहून दिवाळी अंक काढणारे भोजराज सर माणूस फार गोड, पण त्यांनी रंजिताची गोष्ट दोनदा परत पाठवली होती. दोन्ही वेळा खाली एकच ओळ, शेवट पटत नाही. दुसऱ्या वेळी वर दया दाखवली होती: पोळ्याच्या आत पुन्हा पाठवा, हिंमत सोडू नका. हिंमत सोडू नका म्हणायला यांचं काय जातं, असं रंजिता चुलीपुढे बसून पुटपुटली. तिनं ठरवून टाकलं, ही तिसरी आणि शेवटची खेप. आता परत आली तर कागद चुलीत आणि लिहिणंही चुलीत.

हे २००६ सालचं. तिरोड्याजवळच्या त्या गावात धानाचा रोवणा, भाताची लावणी, ऐन भरात होता. सासू कुसुमबाई रोवणाऱ्या बायांची म्होरकी, त्यामुळे बी.ए. झालेल्या सुनेलाही चिखलात वाकणं चुकत नव्हतं. हातानं परे, म्हणजे धानाची रोपं, लावायचे आणि तोंड चालू ठेवायचं, ही तिथली रीत. गाणी गाऊन झाली, गावातल्या समस्त सुनांची उणीदुणी काढून झाली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, रंजिता, आता तू सांग काही. आणि या बयेच्या डोक्यात किडा वळवळला.

"देवरीकडं माह्या मावशीच्या शेजारी एक शामकला राह्यते," तिनं साळसूद तोंड करून सुरुवात केली.

ती होती तिचीच परत आलेली गोष्ट. शामकलाचा नवरा कामाला म्हणून नागपूरला गेला आणि येताना दुसरी बायको घेऊन आला. बाया ऐकता ऐकता अशा रंगल्या की एकेक बांधी, एकेक खाचर हिरवं होऊ लागलं. शेताचा मालक धनीराम बांधावर उभा राहून खुशीत विडी ओढत होता. त्याला काय कळणार, कामाला वेग कुणाच्या दुःखानं आला होता ते.

एके दिवशी रंजितानं आपला पहिला शेवट लावला. शामकलानं विहिरीत उडी घेतली. सगळ्या बायांच्या पाठी एकदम सरळ झाल्या.

"मेली?" दुर्पताबुढीनं विचारलं. गावात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. "काऊन मेली? आन तिच्या दोन म्हशी कोन पाहीन?"

गोष्टीत म्हशी नव्हत्याच. पण बुढीला हे सांगणार कोण? रंजिता घाईघाईनं म्हणाली, "मेली नाही आजी. लोकायनं काढली तिले वर."

दुसऱ्या दिवशी तिनं दुसरा शेवट काढला. शामकला नवऱ्याच्या पाया पडली, सवतीला बहीण म्हणाली. झालं. त्या दिवशी शिदोऱ्या सोडल्यावर कुणी रंजिताकडे चटणीसुद्धा सरकवली नाही. संध्याकाळी सासूनं घरी फर्मान काढलं. "रोवणा होऊ दे. आमी समद्या बसनं देवरीले जाऊन राहिलो. त्या नवऱ्याले पाहाचं हाय मले. शामकलासाठी लुगडं बी काढलं मी."

मजा मजा म्हणता म्हणता सगळं रंजिताच्या अंगाशी आलं होतं.

रोवण्याच्या शेवटच्या दिवशी तिथल्या बाया मालकाला चिखल फासतात, आणि तो जेवण कबूल करेपर्यंत सोडत नाहीत. धनीराम जुनी बंडी घालून तयारीनं आला होता. शेवटची पेंढी लावून झाली तशी रंजिता बांधीच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं सांगून टाकलं, शामकला नावाचं कुणी नाही. ती मी रचली. लिहिली.

आता या बाया आपल्याला जन्मभर जवळ करणार नाहीत, असं तिला वाटलं आणि तिला खरोखर रडू आलं.

"म्हंजे," दुर्पताबुढी शांतपणे म्हणाली, "विहिरीत तूच ढकललीस तिले."

पहिला गोळा सासूनं मारला. मग काय, सगळा चिखल रंजिताच्या वाट्याला. धनीराम कोरडाच उभा, जरा हिरमुसलेला. केसांतून चिखल ओघळेपर्यंत बायांनी तिच्याकडून एकच कबूल करून घेतलं, शेवट बदलायचा. आणि तो काय असावा यावर तिथेच भांडण जुंपलं. कुणी म्हणे पोलिसात दे, कुणी म्हणे माहेरी धाड.

"थे कायले जाईन?" दुर्पताबुढीनं निकाल दिला. "घर तिनं लिपलं, तिनं सारवलं. नवरा आन थे बाई म्हशीच्या कोठ्यात झोपतीन. म्हशी घरात बांध."

बाया हसून हसून चिखलात बसल्या. रंजितानं घरी जाऊन अंग धुतलं आणि रात्रीचा स्वयंपाक सासूवर टाकून तो शेवट लिहिला. पोळ्याला चार दिवस असताना गोष्ट गेली. भोजराज सरांनी ती परत पाठवली नाही. दिवाळीत अंक हातात आला तेव्हा रंजिता आपलं नाव पुन्हा पुन्हा बोटानं चाचपत राहिली, वेड्यासारखी.

धानाच्या कापणीत दुपारी झाडाखाली तिनं गोष्ट वाचून दाखवली. बाया पुन्हा तेवढ्याच हसल्या. कुसुमबाईला आपलं नाव कुठेच न आल्याचा राग आला. दुर्पताबुढी तेवढी हसली नाही.

"म्हशीचं पुन्हा वाच," ती म्हणाली.

रंजिता वाचायला लागली, तशी सासू तिच्या कानाशी लागली. "बुढीच्या नवऱ्यानं बी आनली होती दुसरी. लय वर्सं झाली. विहिरीवरून म्हशीसाठीच वापस आली होती थे."

रंजितानं शेवटपर्यंत वाचलं. बुढीनं मान हलवली.

"बराबर लिवलं," ती म्हणाली. "फक्त एकीचं शिंग मोडकं होतं. तेवढं राह्यलं तुयं."