ताटातल्या पुंगळ्या

खंडेनवमीच्या सकाळी धोंडुबाईने घरातलं सगळं पितळ घासायला काढलं. समई, ताम्हन, आणि खाटेखालचे काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचे दोन्ही डबे. आज नवऱ्याची शेतराखणीची रायफल पुजायची, मग तिच्या पुंगळ्यांनीच काळ्या तोंडाने का बसावं? चिंच, राख आणि काथ्या लावून तिने एकेक पुंगळी लख्ख केली, सगळ्या एका ताटात मांडल्या, हळदकुंकू वाहिलं.

नवरा जनू पूजेला आला आणि ताटातल्या पुंगळ्या उलटसुलट करू लागला.

"गो, निळ्या डब्यातल्या कुठल्या यातल्या?"

"सगळ्याच घासल्या. का वो?"

"त्या बाद होत्या."

बार उडालेली पुंगळी फुगते. तेलाचं बोट फिरवून साच्यात दाबली की मापात येते, पुन्हा दारू भरता येते. पण दाबून दाबून पितळ थकतं, बुडाशी बारीक काळी रेघ धरतं. तशी पुंगळी फुटली तर धडाका बंदूक धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. जनू त्या रेघेवरून निवड करायचा. रेघा चिंचेने खाल्ल्या होत्या.

रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून मुलगा निलेश आला. "बाबा, भरा लवकर. डुकरं ओढ्याच्या अलीकडे आलीत."

जनूने एक पुंगळी साच्यात घातली, दांडा ओढला, उजेडात धरून फिरवली. दुसरी घेतली. मग हात थांबला. "समजत नाय रे."

"आयेने देवासारख्या उजळल्यात, फुटतील कशाला?" निलेश हसला.

"नको जाऊ तू," धोंडुबाई हळूच म्हणाली.

"मग भात कोण राखील? तुझी देवी?"

परवाना नव्याने होईपर्यंत नवी काडतुसं मिळणार नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

जनूने ताट उचलून पायरीवर ठेवलं आणि हातोडी घेतली.

"पुजलेलं हाय वो ते!"

"पोरगा बी हाय," तो म्हणाला, आणि चांगल्या-वाईट सगळ्याच ठेचून सपाट केल्या. निलेश पाठ फिरवून आत गेला.

दसऱ्याला दारावर नव्या भाताच्या लोंब्या बांधायच्या. धोंडुबाई सकाळी बांधावरून फिरली. चिखलात खुरांचे ठसे, भात लोळवलेला. तोरणापुरती उभी लोंबी मिळेना. शेवटी शेजारच्या नमिताकडे तिने पदर पसरला.

"घ्या की काकी. तुमचं सगळंच गेलं?"

"व्हय गो."

ती घरी आली तेव्हा उरलंसुरलं कापायला बापलेक विळे घेऊन निघाले होते. तिला कुणी चल म्हणालं नाही.